अजगर थांबतो

माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवत आलो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा आला की अजगरावर इतका वेळ घालवायचो, की पाली आणि कासवं घाईघाईत उरकावी लागत. वर्ग कितीही गोंधळ घालत असो, अजगराची शिकार सांगायला लागलो की गप्प व्हायचा. मी सांगायचो ते असं : अजगर हरणाला विळखा घालतो. हरणाने श्वास सोडला की विळखा थोडा आवळतो. पुन्हा सोडला की पुन्हा आवळतो. हाडं कडाकडा मोडतात आणि बराच वेळ तडफडून, गुदमरून ते हरीण मरतं. मग अजगर आपला जबडा निखळवतो आणि त्याला सबंध गिळतो. ‘बराच वेळ’ म्हणताना मी मुद्दाम थांबायचो. काही मुली तोंडावर हात ठेवायच्या, मागच्या बाकावरची मुलं पुढे झुकायची. मला दोन्ही आवडायचं.

यातलं बरंचसं चुकीचं होतं. पण चुकीची माहिती दुरुस्त करता येते आणि ती मी केलीही. मला सांगायचं आहे ते वेगळं. ती माहिती दुरुस्त होत असताना माझ्या मनात जे उमटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अजगराचं वेड मला लहानपणापासून. आमचं गाव कोकणात, नदीकाठी. पावसाळ्यात नदी फुगली की अजगर वस्तीच्या जवळ यायचे. कुणाच्या खुराड्यात एखादा सापडायचा, कुणाच्या लाकडांच्या रचाईत. आजी नहुषाची गोष्ट सांगायची. इंद्रपदावर बसून माजलेला, ऋषींच्या शापाने अजगर झालेला राजा. वनवासात त्याने भीमाला धरलं आणि ज्याच्या अंगात हत्तीचं बळ, तो भीम हलूही शकला नाही. शेवटी युधिष्ठिराने त्याच्या प्रश्नांची उत्तरं दिली तेव्हा भीम सुटला. मला त्या प्रश्नोत्तरांत रस नव्हता. भीमाला हरवणारा विळखा तेवढा डोक्यात बसला.

पुढे पुस्तकं आली, मग दूरचित्रवाणी, मग मोबाइल. दक्षिण अमेरिकेतला हिरवा ॲनाकोंडा वजनाने सर्वांत भारी, आग्नेय आशियातला जाळीदार अजगर लांबीने सर्वांत मोठा, हे मला पाठ होतं. मी चित्रफिती बघायचो. त्यांतल्या काही जंगलातल्या असत, पण बऱ्याच पिंजऱ्यातल्या. कुणीतरी जिवंत ससा आत सोडायचा आणि समोर कॅमेरा लावायचा. मी त्याला अभ्यास म्हणायचो. अभ्यास करणारा माणूस वही-पेन्सिल घेऊन बसतो. मी वही कधी घेतली नाही.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एकदा ‘अजगराची शिकार’ असा तक्ता करायचं ठरलं. चित्राखाली चार ओळी नेमक्या असाव्यात म्हणून मी शोधायला बसलो. तेव्हा कळलं की विळख्यातला प्राणी गुदमरून मरतो ही समजूत संशोधकांमध्ये केव्हाच डळमळली आहे. १९९४ मध्येच डेव्हिड हार्डी यांनी शंका घेतली होती की विळख्यातलं मरण गुदमरण्याच्या मानाने फारच लवकर येतं, तेव्हा इथे रक्ताभिसरण थांबत असलं पाहिजे. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजच्या स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून पाहिलं. २०१५ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यांनी उंदरांना पूर्ण भूल दिली, त्यांच्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणाऱ्या नळ्या बसवल्या आणि मग ते बोआ सापांपुढे ठेवले. बोआ म्हणजे आपला अजगर नव्हे, पण विळखा घालून मारण्याची रीत तीच. विळखा पडल्यावर साधारण सहा सेकंदांत धमनीतला रक्तदाब निम्म्यावर आला. शिरांतला दाब मात्र कित्येक पटींनी वाढला. हृदय धडधडत होतं, पण त्या बाहेरच्या दाबापुढे त्याला रक्त पुढे ढकलता येईना. मेंदूला रक्त पोचेनासं झालं की शुद्ध जायला काही सेकंद पुरतात. हाडं मोडण्याची गरजच नसते. जबडाही निखळत नाही. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग समोर एकमेकांशी जुळलेले नसतात, ताणता येणाऱ्या स्नायुबंधाने जोडलेले असतात. डावी बाजू पुढे सरकते, मग उजवी, आणि अशी तोंडाची एकेक बाजू पुढे नेत साप भक्ष्यावर चढत जातो.

हे वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. ज्या मरणाचं वर्णन मी वर्षानुवर्षं करत आलो, ते तितकं यातनामय नाही. हरीण, ससा, उंदीर काही क्षणांत शुद्ध हरपतात. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या, करतो असं म्हणणाऱ्या माणसाला ही चांगली बातमी होती.

मला वाईट वाटलं.

वाईट म्हणजे हिरमोड झाला. आता वर्गात सांगायचं काय, असा विचार मनात आला. सहा सेकंदांच्या गोष्टीत काही राम नव्हता. मी तो निबंध मिटला आणि आणखी कुठे जुनं मत टिकून आहे का ते शोधायला लागलो. कुणीतरी नामांकित माणूस अजून गुदमरण्याच्या बाजूने बोलत असेल, निदान मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत तरी, अशी मला आशा होती. त्या शोधात रात्रीचे काही तास गेले आणि केव्हातरी मी काय करतो आहे ते माझं मला दिसलं. मला त्या उंदराच्या यातना परत हव्या होत्या.

हे लिहिताना आजही अवघड वाटतं. अजगर क्रूर आहे असं मी म्हणायचो तेव्हा ते क्रौर्य आणत होतो कुठून? सापाच्या तोंडावर भाव नसतो. तो चिडलेला दिसत नाही, खूश झालेला दिसत नाही. प्राणी श्वास सोडतो तेव्हा आवळायचं, त्याच्या तडफडण्याची वाट बघायची, ही सगळी रचना माझी होती. ती मी मुलांच्या डोळ्यांतली भीती बघत चढवत नेली होती. वर्गात एका जिवाच्या मरणाची लांबी मी ठरवत होतो आणि ती वाढवत होतो. इतकी वर्षं ज्याला मी कुतूहल समजत होतो, त्यातलं बरंचसं कुतूहल नव्हतंच. दुसऱ्याचं मरण सुरक्षित अंतरावरून बघण्याची ती चटक होती.

तक्ता अर्धाच राहिला होता, म्हणून मी पुढे वाचत गेलो. त्याच गटाचा २०१२ चा एक निबंध हाती लागला. माझं मन खऱ्या अर्थाने बदललं ते त्या निबंधाने, म्हणून तो नीट सांगतो.

प्रश्न साधा होता. विळखा कधी सोडायचा हे सापाला कळतं कसं? लवकर सोडला तर भक्ष्य उठून पळेल, किंवा चावेल. उंदराचे दातही सापाला गंभीर जखम करू शकतात. उशिरा सोडला तर ताकद वाया जाते. विळखा आवळून धरणं हे भयंकर कष्टाचं काम आहे. त्यात सापाच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या कित्येक पट होतो. शिवाय जितका वेळ तो विळख्यात गुंतलेला, तितका वेळ त्याच्या स्वतःच्या शत्रूंना तो आयता सापडतो. संशोधकांनी मेलेले उंदीर घेतले, त्यांना ऊब दिली आणि त्यांच्या छातीत पंपाला जोडलेलं, पाण्यावर चालणारं खोटं हृदय बसवलं. काही उंदरांचं हृदय चालूच ठेवलं, काहींचं मुळीच चालवलं नाही, काहींचं मध्येच बंद केलं.

ज्या उंदरात ठोका नव्हता, त्याला सापांनी लवकर सोडलं. ज्याचं हृदय चालू होतं, त्याला खूपच जास्त वेळ धरून ठेवलं. मधून मधून विळखे सरकवून, पुन्हा आवळून पाहिलं. आणि ज्याचं हृदय मध्येच बंद केलं, त्याच्याभोवतीची पकड ठोका थांबल्यानंतर थोड्या वेळात सैल झाली. ज्या सापांनी आयुष्यात कधी जिवंत भक्ष्य धरलं नव्हतं, तेही ठोक्याला असाच प्रतिसाद देत होते.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग उठून अंगणात गेलो.

ज्या विळख्याला मी आंधळी ताकद समजत होतो, तो सगळा वेळ लक्ष देत होता. एवढासा उंदीर, त्याच्या छातीतला तो नखाएवढा ठोका. केस, कातडी, बरगड्या आणि सापाचे स्वतःचे खवले यांच्या पलीकडून साप तो टिपत होता आणि त्यावर आपलं बळ बेतत होता. माणसाची नाडी बघणारा वैद्य मनगटावर बोटं ठेवतो, तसं त्याचं सबंध अंग. त्याला हवं ते फक्त अन्न. त्यासाठी लागेल तेवढं बळ आणि लागेल तेवढा वेळ. प्राण्याचा जीव गेला की त्या कामातला त्याचा भाग संपला.

अंगणात उभं राहिल्यावर मला आमच्या गावातला एक प्रसंग आठवला. तो मी विसरलो नव्हतो. त्याच्याकडे बघत नव्हतो.

मी शाळकरी होतो. नदीकाठच्या करवंदीच्या जाळीत अजगराने बकरीचं करडू गिळलं होतं. पोट फुगलेलं, त्याला हलता येत नव्हतं. ओरडा झाला, गाव जमलं. लोक काठ्या घेऊन भोवती आले तेव्हा त्याने गिळलेलं करडू ओकून टाकलं. घाबरलेला अजगर असंच करतो. पोटातलं ओझं टाकल्याशिवाय त्याला पळता येत नाही. त्या वेळी मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, तो आपला गुन्हा कबूल करतो आहे. मग काठ्या सुरू झाल्या. मलाही कुणीतरी काठी दिली असं मी पुढे कधी सांगितलं असेल तर ते खोटं. काठी मी स्वतः उचलली होती. तो मेला हे सगळ्यांना दिसत होतं आणि तरी आम्ही मारत राहिलो. करडू जिचं गेलं ती बाई एका बाजूला उभी होती. तिचं नुकसान खरं होतं. माझं काहीच गेलं नव्हतं.

ठोका थांबला की अजगर थांबतो. आम्ही थांबलो नव्हतो.

हे एकदा मान्य केल्यावर अजगराबद्दलची बाकीची माहितीही मला वेगळी दिसायला लागली. त्याच्या आळसाचंच बघा. पडून राहणाऱ्या माणसाला आपण अजगर म्हणतो, मीही मुलांना म्हटलं आहे. पण आपल्या अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे अंधारातही ऊबदार रक्ताचा प्राणी त्याला जाणवतो. निश्चल पडून राहणं हीच त्याची शिकार असते. वाट बरोबर निवडायची, हलायचं नाही आणि जे समोर येईल त्यावर भागवायचं. एकदा पोट भरलं की पुढे अनेक आठवडे, कधी महिनेही तो खात नाही. खाल्ल्यानंतरही तो निवांत नसतो. ब्रह्मदेशी अजगराचं हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, असं २००५ मध्ये दिसून आलं. पचन झालं की ते पुन्हा मूळ आकाराला येतं. बाहेरून सुस्त दिसणाऱ्या त्या शरीरात इतकी उलथापालथ चाललेली असते. भागवतातल्या अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत अजगराला बसवलं, मिळेल त्यात समाधान मानणारा म्हणून. दत्ताच्या देवळात मी कितीदा गेलो असेन, चोवीस गुरूंचं आख्यान ऐकलं असेन. त्यातला अजगर मात्र माझ्यापर्यंत कधी पोचला नाही.

आणि तो विळखा. मादी अजगर अंडी घालते आणि त्यांच्याभोवती विळखा घालून जवळपास दोन महिने, बहुधा काही न खाता, बसून राहते. हवा गार झाली की ती स्नायू थरथरवते आणि त्या थरथरीतून अंड्यांना ऊब देते. १८३२ मध्ये लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने हिंदुस्थानातून परतल्यावर पॅरिसच्या विद्वानांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी ते उडवून लावलं. साप थंड रक्ताचा, तो ऊब कुठून देणार? १८४१ मध्ये पॅरिसमध्येच बंदिस्त मादीजवळ वालांसिएन यांनी तापमान मोजलं आणि ते खरं निघालं. पुढे १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवर केलेल्या मोजमापांनी थरथर आणि ऊब यांचा संबंध स्पष्ट केला. आमच्या तक्त्यावर विळख्याचं एकच चित्र होतं. मी मुलांकडून दुसरं काढून घेतलं.

इथे मला स्वतःला आवरावं लागतं. एक पूर्वग्रह मोडला की त्याच्या उलट दुसरा तयार व्हायला वेळ लागत नाही. काही काळ मी अजगर म्हणजे निरुपद्रवी साधू असं बोलायला लागलो होतो. तेही खरं नाही. फिलिपिन्समधल्या आग्टा या आदिवासी शिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला टॉमस हेडलंड आणि हॅरी ग्रीन यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या प्रौढ पुरुषांपैकी सुमारे चतुर्थांश जणांवर जाळीदार अजगराने कधी ना कधी हल्ला केला होता, आणि १९३४ ते १९७३ या काळातले सहा मृत्यू त्यांनी नोंदवले. आग्टाही अजगर मारून खात, दोघांचं भक्ष्यही एकच. २०१७ मध्ये इंडोनेशियात सुलावेसी बेटावर एका माणसाला अशाच अजगराने गिळल्याची घटना घडली. फ्लोरिडात माणसांनी नेऊन सोडलेल्या ब्रह्मदेशी अजगरांनी एव्हरग्लेड्सच्या दलदलीतले सस्तन प्राणी इतके संपवले, की रस्त्यांवरच्या पाहणीत रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटल्याचं २०१२ मध्ये नोंदलं गेलं. त्या लोकांची भीती आणि चिंता यांना मी पूर्वग्रह म्हणणार नाही. ती अनुभवातून आलेली आहे.

आपल्याकडचा अजगर बिनविषारी आहे. मोठ्या माणसाला तो भक्ष्य समजत नाही. पण तो चावतो, मागे वळलेल्या दातांनी खोल जखम करतो, आणि ज्या घरात दोन शेळ्या आणि चार कोंबड्या हीच पुंजी आहे, त्या घराला त्याचं येणं परवडत नाही. अजगराचा आदर करा असं सांगणाऱ्या माझ्यासारख्या पगारदार माणसाने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. करडू गेलेल्या त्या बाईशी मी त्या दिवशी एक शब्द बोललो नाही. अजगरावर अन्याय झाला, तसंच तिच्याकडेही कुणी बघितलं नाही. आम्हाला तिचं दुःख हवं होतं ते काठी उचलायला निमित्त म्हणून.

पिंजऱ्यात जिवंत ससा सोडलेल्या चित्रफिती मी आता बघत नाही. वर्गात अजगर अजूनही शिकवतो आणि भरपूर वेळ घेऊन शिकवतो. सहा सेकंद सांगतो, खोट्या हृदयाचा प्रयोग सांगतो, अंड्यांची ऊब सांगतो, आग्टांची गोष्टही सांगतो. वर्ग पूर्वीइतका गप्प होत नाही. आता मुलं प्रश्न विचारतात. साप आवळत असताना स्वतः श्वास कसा घेतो, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. त्यांच्यापैकी एकाला सुचला. त्याचं उत्तर २०२२ च्या एका अभ्यासात आहे : बोआच्या बरगड्यांचा एक भाग आवळला गेला, की तो दुसऱ्या भागातल्या बरगड्या हलवून श्वास घेतो. जुन्या गोष्टीत या प्रश्नाला जागाच नव्हती. घाबरलेला वर्ग प्रश्न विचारत नाही, हे शिक्षक म्हणून मला फार आधी कळायला हवं होतं.

वाचकांना एवढीच विनंती. अजगर दिसला तर लहान मुलं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री बाजूला न्या आणि लांब उभे राहा. त्याने काही गिळलेलं असेल तर त्याला डिवचू नका. तो ते ओकेल, आणि ज्याचं जनावर गेलं त्याला ते जिवंत परत मिळणार नाही. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा ओळखीच्या जाणकार सर्पमित्राला बोलवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अजगर आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. त्याला मारणं गुन्हा आहे. आणि गर्दी जमलीच, तर कुणीतरी आधी त्या घरच्या माणसाकडे जा आणि काय गेलं ते विचारा.